वावरावरचं नाव

भावाचे पैसे आले की मेसेज आधी माझ्या फोनवर येतो. शेतकऱ्यांना सरकार वर्षातून तीनदा हप्ता देतं, त्या योजनेत त्याचं नाव मीच पुण्यात, खराडीच्या ऑफिसात बसून घातलं होतं. तेव्हा त्याचा फोन विहिरीत पडलेला होता, म्हणून नंबर माझा दिला, आणि पुढे तो बदलायचं दोघांनीही मनावर घेतलं नाही. मीटिंग चालू असताना स्क्रीन उजळते, वऱ्हाडातल्या आमच्या वावराचा हप्ता जमा झालेला असतो, आणि ही खुशखबर गावी कळवायचं काम माझं.

आई ऐकते आणि देवापुढे साखर ठेवते. "माह्या पोराले सरकारनं पैसे धाडले," असं शेजारणीला सांगितलेलंही मला फोनवर ऐकू येतं. घरावर स्लॅब पडला तो माझ्या पगारातून, बोअर मारली तीही माझ्याच. तेव्हा साखर निघाली नव्हती. त्या पैशांना आई 'पुण्याचे पैसे' म्हणते, जणू पुणे महापालिकाच तिला मनिऑर्डर करते.

मी जळते. बरा शब्द शोधून पाहिला, सापडला नाही. मी आयकर भरते म्हणून त्या योजनेत बसत नाही. माझ्या पगारातून कापलेला कर सरकारकडे जातो आणि हप्ता होऊन भावाकडे पोचतो. म्हणजे पैसे माझे, शेत बापाचं, आणि कौतुक त्या दिवट्याचं. ऑफिसात हे सांगितलं की सगळे हसतात. मीही हसते.

एका दिवाळीनंतर तो संत्र्यांची गाडी घेऊन मार्केट यार्डात आला. माल उतरवून दुपारी माझ्या फ्लॅटवर आला, जेवला आणि पिशवीतून साडी काढून माझ्या हातात ठेवली. जन्मात त्यानं मला कधी साडी आणली नव्हती. मी मूर्खासारखी हरखले. मग साडीमागून कागद निघाले.

आमच्याकडे बापामागे बहिणीनं वावरावरचा हक्क सोडायचा आणि भावानं तिला साडी नेसवायची, अशी रीत आहे. बाबा गेल्यापासून सातबाऱ्यावर आई, तो आणि मी, अशी तिघांची नावं होती. त्याला ठिबक सिंचनाचं अनुदान हवं होतं आणि त्यासाठी सगळ्यांची संमती लागत होती. दरवेळी सहीसाठी पुण्याला कुठे जातोस, बहिणीचं नावच काढून टाक, असं गावात कोणीतरी त्याला शिकवलं होतं.

"तुले कायले पाह्यजे वावर?" तो म्हणाला. "तुले पगार हाय ना."

त्यात चुकीचं काहीच नव्हतं, म्हणूनच मला जास्त राग आला. पगार होता खरा, पण त्या पगाराला घरात कोणाचं नाव नव्हतं. माझं नाव होतं ते फक्त त्या एका कागदावर.

"वावर तूच कर," मी म्हणाले. "नाव राहू दे."

कागदांत ठिबकची संमतीही होती, तिच्यावर मी तिथल्या तिथे सही केली. हक्कसोडीचे कागद तसेच परत दिले. त्यानं ते पिशवीत कोंबले, आणि गाडीवाला थांबलाय म्हणून उठला. साडी परत मागायचं त्याला सुचलं नाही, की जमलं नाही, कोण जाणे.

संध्याकाळी आईचा फोन आला. मी भांडायच्या तयारीतच होते. सही केली काय, तिनं विचारलं. ठिबकची केली, नाव सोडलं नाही, असं मी सांगितलं.

"बरं केलं," ती म्हणाली. "म्या देल्ली होती सही, माह्या भावाले. साडी चांगली होती. मंग कोनी इचारलं नाई."

एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच आई माझ्या बाजूला येऊन बसली होती. काहीतरी बोलावं म्हणून मी तोंड उघडलं, तेवढ्यात तिनं विचारलं, "तो जेवला काय तुयाकडं?"

जेवला, मी म्हणाले. मग सकाळी पोचंल, भाकरी टाकून ठेवते, असं म्हणून तिनं फोन ठेवला.