पट्टीवरचा चोर

बुधवार, १२ जून २०१९. पहाटे गार वारा. दूध अर्धा लिटर जादा घेतलं. अकराच्या सुमारास भद्रकालीतल्या प्रेसवर जाऊन पुतणीच्या लग्नाच्या पत्रिका आणल्या. छपाई स्वच्छ, एकही चूक नाही. गठ्ठ्यात पत्रिकेच्याच जाड कागदाची एक अरुंद पिवळी पट्टी निघाली. तिच्यावर एका चोरीची गोष्ट छापलेली. चोर कोण ते मात्र दिलेलं नाही. दुपारी झोप लागली नाही.

झोप लागली नाही ती त्या पट्टीमुळेच. एका बंगल्यातून घड्याळ चोरीला गेलेलं. माळी म्हणत होता, मी सकाळपासून झाडांना पाणी घालतोय, आत पाऊल टाकलेलं नाही. त्याच्या पायात चपला होत्या आणि त्यांच्यावर धूळ होती. मी ते तीनदा वाचलं, तेव्हा कुठे लक्षात आलं की सकाळभर पाणी घालणाऱ्याच्या चपलांना चिखल हवा, धूळ नव्हे.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा प्रेसवर गेले. काउंटरमागे कॉम्प्युटरवर एक पंचेचाळिशीची बाई बसली होती. चष्मा कपाळावर, केसांत अबोलीचा गजरा. ही गोष्ट कोणाची, असं मी विचारलं. तिने मान वर न करता कान पुढे केला आणि म्हणाली, “आधी उत्तर. हळू सांगा, मागे पोरं उभी आहेत.”

वळून पाहिलं तर खरंच बोळातली तीन-चार मुलं हातात पट्ट्या घेऊन रांगेत उभी होती.

मनीषा काकडची आणि माझी ओळख अशी झाली. ती राहायला मखमलाबादला. घरची शेती. नवरा महेश पहाटे भाजी आणि फुलं घेऊन मार्केटला जातो आणि ही सिटीबसने भद्रकालीत येते. प्रेसमध्ये टायपिंगला लागली तेव्हा नुकतंच लग्न झालं होतं. तेव्हापासून तीच खुर्ची. नाशिकमधल्या किती घरांची लग्नं, बारशी आणि दुकानांची उद्घाटनं तिच्या बोटांखालून गेली असतील, ते तिचं तिलाही सांगता येत नाही.

पत्रिकांचे मोठे कागद कापले की कडेला चार बोटं रुंदीची पट्टी उरते. प्रेसचे मालक कोंडाजीशेठ त्या पट्ट्या समोरच्या चहावाल्याला शेगडी पेटवायला देत. मनीषाची मुलगी लहान होती तेव्हा जाड पुस्तक पाहिलं की पळून जायची. तिच्यासाठी मनीषाने एका पट्टीवर मावेल एवढीच गोष्ट लिहिली आणि शेवट लिहिलाच नाही. मुलगी दोन दिवस मागे मागे फिरली. मग दुसरी पट्टी झाली, तिसरी झाली, आणि बोळातल्या मुलांना वास लागला. लग्नसराईत पट्ट्या गुलाबी आणि हळदी रंगाच्या निघत, एरवी बिलबुकांच्या पांढऱ्या. पत्रिकांचं काम थंडावलं की मुलं काउंटरवर येऊन विचारत, “ताई, कुणाचं लग्न नाही का?”

तिचे नियम दोन. उत्तर कुठेही छापायचं नाही. ज्याला सापडेल त्याने येऊन कानात सांगायचं. आणि उत्तर चुकलं तर ती एवढंच म्हणायची, “परत वाच.” मुलांनी गयावया केली, चॉकलेटं देऊ केली, एकाने तर रडून पाहिलं. ती दुसऱ्या कामाला लागायची.

त्या वर्षापासून नवी पट्टी आधी माझ्याकडे येऊ लागली. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, शुद्ध मराठी मी पुढे मेहनतीने शिकले. त्यामुळे स्वल्पविराम तपासायला मी बरी, असं तिचं मत. चोर मला दहातल्या सहा वेळा सापडायचा.

या पट्ट्यांचं पुस्तक व्हावं, ही तिची एकच इच्छा होती. तिने ती कधी मोठ्याने बोलून दाखवली नाही. पण बाइंडिंगला आलेलं प्रत्येक पुस्तक ती आधी हातात धरून बघायची, वजन केल्यासारखं. पुण्यातल्या काही प्रकाशकांना तिने गोष्टी पाठवल्या. बहुतेकांनी उत्तर दिलं नाही. एका प्रकाशनातल्या तरुण संपादिकेचा, वेदिकाचा, फोन आला. गोष्टी तिला फार आवडल्या होत्या. अडचण एकच होती. उत्तरं प्रत्येक गोष्टीखाली छापावी लागतील, कारण आजकालच्या मुलांना धीर नसतो, असं तिचं म्हणणं पडलं.

मनीषा म्हणाली, मग नको.

प्रेसमध्ये दोन दिवस यावर चर्चा चालली. कोंडाजीशेठ म्हणाले, “उत्तराशिवाय पुस्तक म्हणजे नवरदेवाशिवाय पत्रिका. कोण घेणार?” मनीषाने त्यांना शांतपणे सांगितलं की उत्तर छापलं की मूल वाचायचं थांबतं, आणि ते थांबलेलं मला नकोय. वेदिकालाही तिने फोनवर तेच सांगितलं आणि वर म्हणाली, नाशिकला या आणि मुलांचा धीर डोळ्यांनी बघा.

वेदिका कबूल झाली. ठरलं ते असं: मुलांनी कधीच न पाहिलेल्या गोष्टींतून एक वेदिका निवडेल. मनीषाने तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. मुलांना चोर सापडला तर पुस्तक मनीषाच्या मनासारखं, उत्तरांशिवाय. नाही सापडला तर विषय संपला.

तो दिवस म्हणजे रविवार, २८ एप्रिल २०२४. आमच्या भागातल्या वाचनालयाने खालचा हॉल दिला होता. ऊन असं की हॉलमधले पंखेसुद्धा गरम वारा फेकत होते. तरी चाळीसेक मुलं आली. मनीषा भिंतीशी खुर्चीवर बसली, हात मांडीत घट्ट धरून. मी तिच्या शेजारी. वेदिकाने एक पट्टी निवडली, सगळ्यांना तिच्या प्रती वाटल्या आणि स्वतः मोठ्याने वाचली. गोष्ट इथे जशीच्या तशी देते.

‘मालेगाव. एप्रिलमधली दुपार. शेठच्या यंत्रमाग कारखान्यातून नव्या नमुन्याचा कापडाचा ताका नाहीसा झाला. शेठ म्हणाले, “बारापासून तीनपर्यंत सगळे माग चालू होते. एकही थांबला नाही. तीनला बघतो तर कपाटात ताका नाही.” टेम्पोवाला हिरामण म्हणाला, “मी टायर बदलून दमलो होतो. बाहेर निंबाखाली झोपलो.” विणकर कादर म्हणाला, “मी माझ्या मागापासून हललो नाही. शेठ पलीकडच्या भिंतीपाशी मुझफ्फरला म्हणाले की ताका कपाटात ठेव. तेवढंच मला माहीत.” कारकून मुझफ्फर म्हणाला, “मी कारखान्याच्या कोपऱ्यात कपाटापाशीच बसलो होतो. लाइट गेलेली, पेपरने वारा घेत होतो. डोळा लागला, तेवढ्यात कोणी नेला असेल.” तिघांपैकी एक जण खोटं बोलतोय. कोण?’

माझ्या हातात ही पट्टी फेब्रुवारीतच आली होती. मला उत्तर माहीत होतं. मुलांनाही फार वेळ लागला नाही. थोडी कुजबुज झाली आणि मग निम्मा हॉल एकदम ओरडला, “कादर.” सगळे माग धडधडत असताना पलीकडच्या भिंतीपाशी बोललेलं त्याला ऐकू कसं येईल? म्हणजे तो मागापाशी नव्हता, कपाटाजवळ होता. वेदिकाने मनीषाकडे पाहिलं. मनीषाने मान डोलावली. वेदिका हसली आणि मला वाटलं, झालं, जिंकलो.

तेवढ्यात खिडकीपाशी बसलेली एक मुलगी उभी राहिली. आलिमा तिचं नाव, सातवीतली. तिचे वडील मालेगावला मागावर काम करतात. ती शिकायला नाशिकला तिच्या मावशीकडे, कौसरखालाकडे राहते. प्रेसवर ती नेहमी यायची, पण बोलायची फक्त मनीषाच्या कानात.

“कादर खोटं बोलत नाहीये,” ती म्हणाली. “कारखान्यात कानाने कोण ऐकतं? सगळे ओठ बघतात. माझे अब्बू चार माग सोडून उभ्या माणसाशी बोलतात. घरी टीव्हीचा आवाज बंद ठेवून बातम्या बघतात.”

मुलं हसली. आलिमाचा चेहरा लाल झाला, पण ती खाली बसली नाही. एक मोठा मुलगा म्हणाला की ओठांचं पट्टीत काही लिहिलेलं नाही, त्यामुळे ते धरायचं नाही. आलिमा त्याच्याकडे वळली.

“मागाचा आवाज होतो हे तरी पट्टीत कुठंय? ते तुला माहितीये म्हणून चालतं. मग मला माहितीये ते का नाही चालत?”

मी पट्टी पुन्हा पाहिली. खरंच, आवाजाबद्दल एक शब्द नव्हता.

वेदिकाला याची खात्री करून घ्यायची होती. ती हॉलच्या पार दुसऱ्या टोकाला गेली आणि आवाज न काढता ओठ हलवले. आलिमाने डोळे बारीक केले. “चहा येणार आहे का, असं विचारतायत.” वेदिकाने कपाळावर हात मारला. या वेळी मुलं हसली ती आलिमाच्या बाजूने.

मुलं हसत होती तेव्हा मी मनीषाकडे पाहत होते. तिचा रंग उतरला होता. कादर खरं बोलत असेल तर गोष्टीला चोरच नव्हता. वेदिका परत येता येता माझ्याकडे वाकून हळूच म्हणाली, “काकू, याला दुसरं उत्तर आहे ना?” मी तिला खोटं सांगू शकले नाही. मला तरी दुसरं उत्तर दिसत नव्हतं.

मनीषा अजून नियमाला बांधलेली होती. तिने बोलायचं नव्हतं. पण हा प्रश्न आता परीक्षेचा राहिला नव्हता. ती उठली, आलिमाजवळ गेली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “आलिमाचं बरोबर आहे. कादर चोर नाही. माझं उत्तर चुकलं. आता कोण ते मलाही माहीत नाही.” मग तिने तेच म्हटलं जे ती काउंटरवर म्हणायची. “परत वाचा.”

मुलं थक्क झाली. पट्टी लिहिणारीलाच चोर माहीत नाही, असं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. पुढच्या क्षणी हॉलमध्ये जे सुरू झालं ते मी माझ्या आयुष्यात कोणत्याही वर्गात पाहिलेलं नाही. मुलं जमिनीवर गोल करून बसली. एकेका पट्टीवर पाच-पाच डोकी. हिरामणच्या निंबाच्या सावलीवरून भांडण झालं, ते मिटलं. कोणी शेठवरच संशय घेतला. चहा आला आणि तसाच गार झाला. वेदिका स्वतः एका गोलात बसून, पेनने ओळी खुणावत, एका आठ वर्षांच्या मुलाशी वाद घालत होती.

मग मागच्या गोलातून आवाज आला. “माग कशावर चालतात?” विचारणारी मुलगी पेठ रोडवरून आलेली, दोन वेण्यांची.

“विजेवर,” आलिमा म्हणाली. म्हणता म्हणताच ती थांबली आणि तिने तोंडावर हात ठेवला.

सगळ्यांना एकाच वेळी दिसलं. शेठ म्हणतात एकही माग थांबला नाही. मुझफ्फर म्हणतो लाइट गेलेली, पेपरने वारा घेत होतो. कारखाना एकच. लाइट असती तर पंखा चालू असता. नसती तर माग बंद पडले असते. मुझफ्फर तिथे बसलाच नव्हता. मोठ्या मुलाने जनरेटरचा मुद्दा काढून पाहिला. आलिमाने त्याला सांगितलं की जनरेटरवर माग चालवले तर पंख्यालाही तीच वीज मिळाली असती. तो मुलगा हसला आणि सगळ्यांत आधी त्यानेच टाळ्या वाजवल्या. मग हॉल नुसता दुमदुमला. वरच्या मजल्यावरचे ग्रंथपाल काय झालं म्हणून जिन्यात येऊन उभे राहिले.

वेदिकाने मनीषाला विचारलं, हे तुम्ही मुद्दाम ठेवलं होतं का? मनीषा म्हणाली, “नाही हो. मालेगाव आणि एप्रिल म्हटलं की लाइट गेली असं हात आपोआप लिहितो. मी तर नुसता उकाडा दाखवत होते.”

वेदिकाने पट्टीच्या तळाशी बोट ठेवलं. मग ती म्हणाली, “मी याच्याखाली ‘कादर’ असं छापलं असतं.”

तिने तिथूनच पुण्याला फोन लावला. कानावर एक हात ठेवून, मुलांच्या गोंगाटात तिला ओरडून बोलावं लागत होतं. पुस्तकात उत्तरं नसतील. कुठेही नसतील, शेवटच्या पानावरसुद्धा नाहीत. मागाची गोष्ट पहिली असेल. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं, कारण ती म्हणाली, “धीर? सर, इथे चाळीस मुलांनी चहा-बिस्किटं सोडून दिलीत.”

मनीषाला आलिमाने कडकडून मिठी मारली होती आणि ती काही केल्या सोडत नव्हती. कौसरखाला तिला न्यायला दारात आली, तेव्हा आलिमाने तिला लांबूनच, आवाज न काढता, सगळी हकिगत सांगितली. खाला ओठ बघत होती आणि हसत होती. मला एक अक्षर कळलं नाही, आणि तरी सगळं कळलं.

कोंडाजीशेठ शेवटी आले. पुस्तक ठरलं हे ऐकून त्यांचा आधी विश्वास बसला नाही, मग त्यांनी विचारलं की छपाई कुठे होणार. वेदिका म्हणाली, पुण्याला. तेव्हा ते मनीषाकडे वळून म्हणाले, निदान कव्हरच्या पट्ट्या तरी आपल्याकडे पाठवायला सांग.

मनीषा आणि मी रिक्षाने निघालो. तिने वाटेत मखमलाबादला फोन करून महेशला सांगितलं. तो मळ्यात होता; त्याला नीट ऐकू येत नव्हतं, म्हणून तिने तेच वाक्य चार वेळा सांगितलं. चौथ्या वेळेला ती रिक्षातल्या रिक्षात उभी राहायला निघाली होती. मी तिचा पदर धरून तिला खाली बसवलं. माझ्या दारात उतरले तेव्हा ती अजून बोलतच होती.

त्या संध्याकाळी डायरीत हे सगळं लिहून काढलं, आणि खाली शेवटची ओळ: गहू दळून आणले, पाच किलो. पीठ जरा जाड आलं आहे.