वश्ती आली नाही

कोणी हाक मारली की ती आधी "कशाला?" असं विचारायची. उत्तर पटलं तरच तिची खुर्ची मागे सरकायची. पुण्यात याला स्वभाव म्हणतात. आमच्या हिंजवडीच्या कंपनीत ॲटिट्यूड म्हणायचे.

ती रास्ता पेठेतली बेने इस्राएल, म्हणजे आपल्याकडची ज्यू, मराठी माझ्याहून चोख. नाव वश्ती. "हे कुठलं गं नाव?" मी पहिल्याच दिवशी विचारलं.

"मूळचं इराणी, पण आमच्या हिब्रू शास्त्रात आलंय. इराणच्या राजाची राणी. दारूच्या नशेत राजानं फर्मान सोडलं, मुकुट घालून ये, पाहुण्यांना तुझं रूप दाखवायचंय. ती गेली नाही. राणीपद गेलं."

"आणि अर्थ?"

"जाणकार म्हणतात, उत्तम. पण आमच्यात मुलींना तिच्या जागी आलेल्या एस्तेर राणीचं नाव ठेवतात. हाकललेलीचं कोण ठेवणार? माझ्या बाबांनी ठेवलं. नातेवाईक म्हणाले, पोरीचं नशीब फिरेल. बाबा म्हणाले, फिरलं तर फिरलं, मान तर ताठ राहील!"

मला ती तिथेच आवडली.

तुम्ही आयटीत असाल तर पुढचं ओळखलं असेलच. परदेशी क्लायंट येणार म्हटलं की आमच्याकडे पोरींना नऊवारी, नथ आणि हातात आरतीचं ताट. कोड लिहिणाऱ्या पोरींनी दारात उभं राहायचं आणि पोरांनी फोटो काढायचे. त्या वेळी पाहुणे ज्या प्रोजेक्टसाठी येणार होते, तो तिनंच उभा केला होता. टीम लीडही तीच होणार, हे ठरल्यात जमा होतं.

आमचे मॅनेजर साहेब तिच्या टेबलापाशी आले. "वश्ती, उद्या ताट तू धरायचंस."

"कशाला?"

"अगं, क्लायंटला बरं वाटतं. यू विल लुक ग्रेट!"

"मीटिंगमध्ये प्रोजेक्ट मी समजावून सांगते सर. ताट धरायला येणार नाही."

"लीड व्हायचंय ना तुला?"

"व्हायचंय. तरी येणार नाही."

घाम मला फुटला. तिनं शांतपणे हेडफोन चढवला.

लीड दुसराच कोणी झाला. महिन्याभरात तिनं राजीनामा दिला. निरोप देताना मी रडायला लागले, तर मलाच दटावलं, "रडतेस काय? मला कोणी हाकललेलं नाही. मी निघालेय."

पुढच्या खेपेला क्लायंट आले तेव्हा साहेब ताट घेऊन आमच्या रांगेतून फिरले. पहिलीनं विचारलं, "कशाला?" दुसरीनंही तेच. मी तर मानही वर केली नाही. शेवटी वश्तीच्या रिकाम्या खुर्चीपाशी साहेब जरा थांबले.

पाहुण्यांना त्यांनीच ओवाळलं. नथ तेवढी घातली नव्हती.