सारजा जीपमध्ये बसली नाही

निरवांगीच्या सारजाचा आवाज कसा खणखणीत, तमाशाच्या तंबूत शेवटच्या रांगेपर्यंत पोचावा असा. पण सासरी तो कुणी ऐकलाच नव्हता. दोन पोरींवर पुन्हा दिवस गेले, अंगात रक्त नव्हतं, तेव्हा "पोट पाडून मला मोकळं करा" म्हणून तिनं सासूचे पाय धरले. "पाप हाय ते!" सासू कडाडली. सारजा बाळंतपणात मरता मरता वाचली. तिसरीही पोरगीच झाली.

यंदा चौथ्यांदा दिवस गेले. बारामतीच्या सोनोग्राफीच्या मशिनीनं पुन्हा पोरगी सांगितली, तशी सासूनंच जीप बोलावली. "चल गं, पाडून येऊ."

"आत्याबाई, माझा जीव जात हुता तवा पाप, आन् आता पोरगी हाय म्हणून पुण्य व्हय?"

"हळू बोल, गाव ऐकतंय," नवरा पुटपुटला.

"ऐकू द्या की! पोट माझं, आन् मला सोडून समद्यांनी ठरवायचं? न्हाय यायची मी!"

दारादारांत बाया उभ्या राहिल्या. जीपवाल्यानं एकदा सासूकडं पाहिलं आणि रिकामी गाडी वळवली.