ठमाबाईच्या मांडीवरचा गणपती

वरसे गावची ठमाबाई रोज सकाळी नऊला रोहा स्टेशनात येऊन बसायची. जायचं कुठेच नसायचं. सुनेने, शकूने, घरातलं जातं तिला न विचारता शेजारणीला देऊन टाकलं, तेव्हापासून दोघींचा अबोला होता. घरात गप्प बसण्यापेक्षा स्टेशन बरं. तिथे पंखा होता आणि माणसं आपणहून बोलायची. "मावशी, जरा बॅग बघा हां," म्हणत कोणी चहाला जाई, कोणी तिकिटाला. दोन वर्षांत तिने एक पिशवी हरवू दिली नव्हती.

गणेशचतुर्थीच्या आदल्या दिवशी माणगावकडचं एक कुटुंब पेणहून मूर्ती घेऊन आलं आणि गाडी बदलायला रोह्याला उतरलं. नवऱ्याने मूर्ती ठमाबाईच्या मांडीवर ठेवली आणि तो पाण्याची बाटली भरायला गेला. तेवढ्यात गाडी लागली. तो धावत आला तर बायकापोरं डब्यात चढलेली. मूर्ती बायकोने घेतली असणार, असं वाटून तोही चढला. बायकोला वाटलं, तो घेऊन येतोय. ठमाबाई ओरडली, पण गणपती घेऊन धावता येईना. गाडी गेली.

स्टेशन मास्तरांनी पुढच्या स्टेशनला फोन केला. मग म्हणाले, "मावशी, तोवर पार्सलच्या खोलीत ठेवू."

"देव काय पार्सल हाय?" ठमाबाई म्हणाली. "बाकावं पोरं धक्का मारतील. मांडीवंच ऱ्हाऊ दे."

येणारे-जाणारे पाया पडू लागले. एक म्हातारी तिच्याही पाया पडली.

दुपारी सासू जेवायला आली नाही म्हणून शकू शोधत आली. समोर उभी राहून तिने सगळं पाहिलं. काही न विचारता घरी गेली, भाकरी आणि वालाची भाजी घेऊन आली.

"आत्या, तोंड उघडा."

दोन वर्षांतले हे पहिले शब्द. दोन्ही हात मूर्तीला धरलेले, त्यामुळे ठमाबाईने तोंड उघडलं. चौथ्या घासाला ती म्हणाली, "मीठ कमी हाय गो."

"व्हय," शकू म्हणाली.

चारच्या सुमाराला तो माणूस टेम्पो घेऊन आला. मूर्ती घेताना त्याला रडू आलं. ठमाबाईचे पाय बधिर झाले होते. शकूने तिला काखेत हात घालून उठवलं आणि घरी नेलं.

पुढे दोघी बोलू लागल्या, कामापुरतं. ठमाबाईचं स्टेशन काही सुटलं नाही. शकू सकाळी डबा बांधून देते, आणि तो बाकावर बसून खाताना ठमाबाई शेजारच्या प्रवाशाला सांगते, "सुनेनं दिलाय."