पालकाच्या जागी आजोबांची सही

लेकीला फार्मसीची सीट लागली सोमवारी दुपारी, आणि माझा जीव टांगणीला लागला तोही त्याच दुपारी. पुण्याकडचं खाजगी कॉलेज, मॅनेजमेंटच्या कोट्यातली सीट. मुलींना फी माफ, मुलींना फी माफ म्हणून जे सगळीकडे सांगतात ना, ते या कोट्याला लागू नाही. शुक्रवारी पाचच्या आत पहिला हप्ता भरा, नाहीतर यादीतल्या पुढच्या मुलीला बोलावतो, असं कॉलेजातल्या बाईंनी फोनवर स्वच्छ सांगून टाकलं. आधीच्या राउंडांत नाव न लागल्यामुळं पोरगी खंगली होती. जेवायला बसली की ताटात बोटं फिरवत बसायची. ही सीट गेली असती तर वर्षभर घरात, आणि आमच्या राहू गावात बारावी झालेली पोरगी घरात दिसली की लांबलांबचे पाहुणे चहाला यायला लागतात. कसला चहा, ते सगळ्यांना माहीत असतं.

पैसे नव्हते असंही नाही. तेच तर माझं दुखणं! पोरगी पहिलीत असताना माझ्या सासऱ्यांनी पोस्टात तिच्या नावानं सुकन्येचं खातं उघडलं होतं. सासरे म्हणजे आमचे आप्पा, गावच्या शाळेचे रिटायर मुख्याध्यापक. सगळं गाव त्यांना गुरुजी म्हणतं. दर मार्चला पेन्शनमधून न चुकता खात्यात भरायचे. मला त्यातला नियम पाठ होता. दहावी झाली की कॉलेजच्या फीसाठी निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते आणि तिच्यावर एक पैसा टॅक्स बसत नाही. बाहेर राहायची कॉट, मेस, लॅपटॉप असल्या खर्चाला मिळत नाही. कॉलेजनं लेखी मागितलेल्या फीपुरतंच. मला तरी अजून काय पाहिजे होतं?

मंगळवारी सकाळीच कॉलेजचं पत्र, पासबुक, पोरीचा जन्मदाखला असं सगळं पिशवीत घालून मी दौंडच्या पोस्टात गेले. काउंटरवर माझ्याच वयाची बाई होती. तिनं पासबुक उघडलं, कॉम्प्युटरात बघितलं आणि म्हणाली, "अहो, पालक म्हणून आजोबांचं नाव आहे की. आजोबांना चालत नाही. आई नाहीतर वडील पाहिजेत."

"मग इतकी वर्षं पैसे कसे घेतलेत?" मी विचारलं.

"तेव्हा घेतले. आता अशी सगळी खाती दुरुस्त करायला सांगितलंय. आधी आजोबांनी इथं येऊन सही करायची, मग खातं तुमच्याकडं येणार, मग पैसे." तिनं पोरीची जन्मतारीख बघितली. "पुढच्या महिन्यात अठराची होतीय की ही. मग तिची तीच सही करंल. थांबा की तवर."

थांबा की! अंगाचा तिळपापड झाला माझ्या. पण त्या बाईचा तरी काय दोष?

दोष आमच्या गावाचाच. खाती उघडायचा कॅम्प शाळेत लागला होता. बापलोक सगळे एमआयडीसीत, कुणाची पहिली पाळी, कुणाची दुसरी. आणि आमच्याकडं सही म्हणजे घरातल्या थोरल्याचीच. सोसायटीत तीच, उसाच्या नोंदीला तीच, दुधाच्या डेअरीत तीच. तेव्हा कुणीतरी आप्पांना विचारलंसुद्धा होतं, की गुरुजी, नातीचं खातं आज्यानं काढलं तर चालतंय का? आप्पा म्हणाले, "आजा म्हंजी पालकच की!" झालं. गुरुजी बोलले म्हटल्यावर अर्ध्या गावातल्या आजोबांनी धडाधड सह्या ठोकल्या.

संध्याकाळी नवरा शिरूरकडच्या कंपनीतून आला. त्याला चहा दिला आणि सगळं सांगितलं. कप खाली ठेवून तो म्हणाला, "आप्पांना कसं म्हणायचं गं, तुमचं नाव काढा म्हणून?"

"तोंडानं म्हणायचं!"

"त्यापेक्षा मी आधीच्या ठेकेदाराकडचा पीएफ काढतो. पाच वर्षं भरली नव्हती, थोडा टॅक्स कापतील. कापू दे."

मी डोक्याला हात लावला. घरात बिनटॅक्सचे पैसे पोरीच्या नावानं पडलेत, आणि हा माणूस बापाला विचारायचं जिवावर येतं म्हणून सरकारला टॅक्स द्यायला निघालाय! मी तसं तोंडावर बोलले. त्यानं तरी मोबाईलवर अर्ज भरलाच. बुधवारी मेसेज आला की पैसे यायला पंधरा-वीस दिवस लागतील. मग माझ्याकडं बघायचंच सोडलं त्यानं.

म्हणून बुधवारी संध्याकाळी मीच गेले. आप्पा ओट्यावर पेपर वाचत होते. लग्न होऊन मी केंदूरहून या घरात आले तेव्हापासून त्यांच्याशी माझं बोलणं म्हणजे "जेवायला वाढलंय" आणि "औषध घेतलं का", एवढंच. पण आज बोलले. पोस्टातली बाई काय म्हणाली, शुक्रवारची मुदत, सगळं.

आप्पांनी पेपर खाली ठेवला नाही. "ते पैसं लग्नासाठी हायती," म्हणाले. "मधीच काढलं की टॅक्स बसतोय."

"नाही बसत आप्पा. फीला काढले तर नाही बसत."

"तुला लई कळतंय." आणि मग, पेपरामागूनच, "उद्या बघू."

गुरुवारी सकाळी उठून बघते तर आप्पा घरात नाहीत. चप्पल नाही, छत्री नाही. फोन लावला तर तो उशीखाली वाजतोय. मी सांगते, त्या क्षणी माझ्या तोंडातून सासऱ्याबद्दल जे शब्द गेले ते लिहिण्यासारखे नाहीत. पळून गेला म्हातारा, असंच वाटलं मला. पोरगी दारात उभी राहून ऐकत होती. तिला म्हटलं, "चल, बस गाडीवर."

चौकातल्या जीपवाल्यानं सांगितलं, गुरुजींना आत्ताच खुटबावच्या स्टेशनावर सोडलं. मी स्कूटी अशी पळवली की मागं बसलेली पोरगी दोनदा म्हणाली, आई, हळू. पिशवी तिच्या मांडीवर होती.

आप्पा फलाटावरच्या बाकावर एकटेच बसले होते. पांढरी टोपी, धुतलेला सदरा, दौंडकडच्या गाडीची वाट बघत. आम्हाला बघून चपापले.

"कुठं निघालात?" मी विचारलं. आवाज चढलाच होता माझा.

"दौंडला. टॅक्सवाल्याकडं."

"कशाला? टॅक्स बसत नाही म्हणून सांगितलं ना मी!"

"तिला न्हाई बसत," आप्पा म्हणाले. "मला बसतोय."

मला काही उमजेना. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग हळूहळू सगळं सांगितलं. त्या खात्यात भरलेल्या पैशांवर ते दरवर्षी स्वतःच्या पेन्शनच्या टॅक्समध्ये सूट घेत होते. पालक म्हणून. ती सूट आईबापाला किंवा कायद्यानं नेमलेल्या पालकाला, आजोबाला नाही. पोस्टाची ही नवी भानगड त्यांनी पेपरात वाचली होती, तेव्हापासून त्यांना झोप नव्हती, आणि घरात कुणाला पत्ता नाही. "आता मी सही केली का मी पालक न्हाई, तर इचारतील, मंग इतकी वर्सं सूट कशी घेतली? नोटीस यील. गावात पोरंसोरं म्हणत्याल, गुरुजींनी टॅक्स बुडवला. ज्यांना मी हातावर छड्या मारून खरं बोलाया शिकवलं, ती म्हणत्याल."

लग्नाचं कारण नुसतं पुढं केलेलं होतं. भीती होती ती वेगळीच.

मला दया यायला पाहिजे होती. नाही आली. माझ्या डोळ्यापुढं शुक्रवारचे पाच वाजलेले दिसत होते. मी म्हणाले, "म्हणजे तुमच्या अब्रूपायी पोरीची सीट घालवायची? चुकलं असेल तर भरा की! तिनं काय केलंय?"

आप्पांनी मान खाली घातली. फलाटावर दोन बायका टोपल्या घेऊन बसल्या होत्या, त्या आमच्याकडं बघायला लागल्या. लांबून गाडीचा भोंगा ऐकू आला.

आणि तेवढ्यात पोरगी बोलली. "आई, राहू दे. मला नको ती सीट."

"काय म्हणालीस?"

"आप्पांना माझ्यापायी नोटीस येणार असेल तर नको. एक वर्षाचा प्रश्न आहे. पुढच्या वर्षी बघू." रडत नव्हती, चिडलेली नव्हती. आप्पांच्या शेजारी बसली आणि पिशवी पायाशी ठेवून दिली. जसं काही झालंच सगळं.

खरं सांगते, त्या वेळी मला दोघांच्याही थोबाडीत द्यावीशी वाटली. हिच्यासाठी मी चार दिवस जिवाचं रान करतेय आणि ही महाराणी फलाटावर बसून सीट दान करतेय! डोळ्यांत पाणी आलं, रागानंच आलं.

गाडी आली. बायका टोपल्या उचलून चढल्या. आम्ही तिघं तसेच.

आप्पा उठले. टोपी घातली. नातीला म्हणाले, "पुढच्या वर्षी कोण बघतंय? मला काय अमरपट्टा हाय? उचल ती पिशवी."

"आप्पा, पण नोटीस..."

"गप. लई शाणी. उचल म्हणतो ना!"

धावत चढलो आम्ही. दौंडपर्यंत आप्पा खिडकीतून बाहेर बघत होते आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होते. मला वाटलं जप चाललाय. नंतर कळलं, काउंटरवर काय बोलायचं त्याची तयारी चालली होती.

पोस्टात रांग होती. आमचा नंबर आल्यावर बाईनं फॉर्म पुढं सरकवला. नवीन पालक म्हणून मी माझी सही केली. आप्पांनी पेन हातात घेतलं, पण सही करायच्या आधी मान वर करून वर्गात बोलायचे तसे मोठ्यानं बोलले. "मी गुरुजी हाय, राहूचा. नियम न वाचता सही केली हुती. गावातल्या बाकीच्यांना बी मीच कराया लावली. त्यांच्या पोरींची अडचण व्हायच्या आत त्यांना बी घिऊन येतो." अख्खी रांग त्यांच्याकडं बघत होती. बाई गडबडून गेली. म्हणाली, "बाबा, एवढं सांगायची गरज नाही, नुसती सही करा."

"गरज हाय," आप्पा म्हणाले, आणि सही केली.

तरी सुटका नव्हतीच. मशीन बंद पडलं. मग वरच्या साहेबांची मंजुरी राहिली, ती उद्या मिळेल म्हणाले. शुक्रवारी पुन्हा दौंड. नवऱ्यानं रजा टाकली आणि न सांगता बरोबर आला, बापाच्या शेजारी बाकावर बसून राहिला. दुपार झाली, जेवायची सुट्टी झाली, पैसे काही हलेनात. पोरगी दर पाच मिनिटांनी फोनमधलं घड्याळ बघायची आणि मी बघितलं की फोन लपवायची. शेवटी पैसे माझ्या खात्यात जमा झाले तेव्हा चार वाजून गेले होते. पोरीनं तिथंच पायरीवर बसून मोबाईलवरून फी भरली आणि मी कॉलेजातल्या बाईंना फोन लावला. त्यांनी थांबा म्हटलं. मी थांबले. आयुष्यात कधी एवढी देवांची नावं घेतली नसतील. मग पलीकडून आवाज आला, "हो, आली. सीट पक्की झाली."

मी पायरीवरच बसले.

आप्पा सोमवारी त्यांचे रिटर्न भरून देणाऱ्या टॅक्सवाल्याकडं गेले. तो म्हणाला, मागची काही वर्षं दुरुस्त करून भरता येतील, त्याआधीचं आता कुणी विचारायची शक्यता कमी. येतील तेवढी सगळी भरली त्यांनी. तरी भीती काही गेली नाही. पोस्टमनची गाडी वाजली की ताटावरून उठतात. मी म्हणते, अहो आप्पा, लाईट बिल असेल. ते जाऊन बघून येतात, तेव्हा कुठं पुढचा घास. आता मला दया येते त्यांची. उशिरा आली, पण येते.

पुढच्या महिन्यात पोरगी अठराची झाली. तिनं हॉस्टेलवरून फोन केला, आप्पांना द्या म्हणाली. मी स्पीकर लावून दिला.

"आप्पा, आता ते खातं माझ्या सहीचं होणार. तुम्ही घाबरू नका. नोटीस आली तर मी त्यातले काढून भरते."

आप्पांनी फोन तोंडाजवळ धरला. "न्हाई जमायचं," म्हणाले. "नियमात बसत न्हाई. त्यातनं शिकायला न्हाईतर लग्नालाच काढता येत्यात. आज्याच्या दंडाला न्हाई."

फोन माझ्या हातात देताना ते रडत होते. मी त्यांना कधी रडताना बघितलं नव्हतं. पलीकडून पोरगी हॅलो, हॅलो करत होती, आणि मी आधी आप्पांपुढं पाण्याचा तांब्या ठेवला.