बाणाला अंगठा

ही गोष्ट मी बायकोलाबी कधी सांगितली न्हाई. तुम्हाला सांगून राह्यलो, कारण तुम्ही मला ओळखत न्हाई — अन् ओळखत असाल, तर इतिहासाचे मोरे सर म्हणूनच ओळखत असाल.

आधी थोडी बढाई मारू द्या. जालना जिल्हा तेव्हा व्हायचा होता. टेंभुर्णीच्या अलीकडं एका खेड्यातल्या हायस्कुलात मी शिकवायचो. नववीच्या पुस्तकात भिल्लांवर दीड ओळ, अन् त्या दीड ओळीत 'उपद्रवी' हा शब्द! मी तिच्यावर चार तास घेतले. डोंगर कुणाचे होते, जंगलात कोण शिरलं, भिल्लांनी वाटा का अडवल्या — फळा भरून जायचा. घंटा झाली तरी पोरं उठायची न्हाईत. असा इतिहास आख्ख्या तालुक्यात कुणी शिकवत नव्हतं, हे आजबी छाती ठोकून सांगतो.

पण शिकवताना मी म्हणायचो — 'ते लोक'. त्यांचे डोंगर, त्यांचं बंड.

किती आडवळणं घेऊ? मी भिल्ल हाय. बा अजिंठ्याच्या डोंगराकडचा. नोकरीच्या गावात खोली बघायला गेल्तो, तेव्हा आडनाव तेवढं सांगितलं. मोरे काय, कुणातबी सापडतात. घरमालकानं त्याच्या मनानं समजून घेतलं, मी समजू दिलं. एकदा झाकलं की झाकतच जावं लागतं, न्हाई का?

वर्गात भिल्लाची एकच पोरगी होती, सुमन. कायम मागं बसायची. ते चार तास झाले अन् ती आपली आपण उठून पहिल्या बाकावर आली. केवढा अभिमान वाटला मला!

मंग संमेलनात त्या बंडाचं नाटक बसवलं अन् धनुष्य सुमनच्या हाती दिलं. तालमीत तिनं दोन बोटांनी दोरी ओढली, अंगठा बाजूला. पोरं फिदीफिदी हसली. आजानं असंच शिकवलं, म्हणाली. बराबरच होतं तिचं. आमच्यात बाणाला अंगठा लावत न्हाईत — आमच्या एका पूर्वजाचा अंगठा गुरूनं मागून घेतला, तेव्हापासून. मला ते हसणं सहन झालं न्हाई. तिच्या हातातलं धनुष्य घेतलं अन् तसाच, अंगठा सोडून, बाण मारला. लिंबाच्या खोडात रुतला.

सुमन माझ्या हाताकडं बघत राह्यली.

"सर, तुम्ही बी आमच्यातलेच का?"

व्हरांड्यात सगळे शिक्षक उभे. घरमालकाचं पोरगं नाटकात. एक 'हो' तर म्हणायचं होतं — काय जात होतं माझं?

"न्हाई गं," मी म्हणालो. "पुस्तकात वाचलं."

पुस्तक कसलं! माझी बोटं हातात धरून बानं शिकवलं होतं. पण सुमननं ते खरं धरलं. आपल्या माणसांचं पुस्तक हाय म्हटल्यावर ती रोज मागायला लागली. जालन्याला गेलो की आणतो, असं मी रोज म्हणायचो.

संमेलनात तिचा बाण सुटला अन् मंडप टाळ्यांनी दणाणला. पाहुण्यांनी तिला जवळ बोलावून विचारलं, अंगठा न लावता मारायचं कुणी शिकवलं? तिला शिकवणारा आजा समोरच बसला होता, नवं पागोटं बांधून.

"आमच्या सरांनी," सुमन माईकवर म्हणाली. "पुस्तकात हाय ते."

आजानंबी टाळ्या वाजवल्या. पाहुण्यांनी मला वर बोलावलं, हार पुढं केला. अन् खरं सांगू? त्या घटकेला शरम बिलकुल वाटली न्हाई. अभिमानच वाटला. मी मान वाकवली अन् हार घालून घेतला.

त्या गुरूनं अंगठा निदान मागून तरी घेतला होता.