जमैकातला नाताळ

दहावीत असताना मी वक्तृत्व स्पर्धेसाठी विषय घेतला, 'जगातले सण'. बाबा अंबरनाथ एमआयडीसीत केमिकल कंपनीत होते. पहिली पाळी सुटली की ते कधीमधी उल्हासनगरला जाऊन कॅम्प तीनच्या रद्दीवाल्याकडून माझ्यासाठी इंग्रजी मासिकं आणायचे. त्यातल्या एकात जमैकातल्या नाताळावर लेख होता. आम्ही दोघांनी डिक्शनरी घेऊन रविवारभर तो वाचून काढला.

उसाच्या मळ्यांत राबणाऱ्या आफ्रिकन गुलामांना नाताळातच काय ते दोन-तीन दिवस सुट्टी मिळायची. मग ते मुखवटे घालून, डोक्याला गाईची शिंगं लावून, ढोल वाजवत मालकाच्या बंगल्यापुढे नाचायचे. मालक व्हरांड्यातून बघायचा, खायला-प्यायला द्यायचा. त्या नाचाला जॉनकनू म्हणतात. तिथे नाताळात तो अजून होतो.

आई भाकऱ्या थापताना ऐकत होती. म्हणाली, "लहानपणी गावाकडं आमची दिवाळी काय वेगळी होती? पाटलाची गुरं ओवाळायला जावं लागायचं. गाणी म्हणायची, अन् मग मागच्या दारी उभं राहायचं. करंज्या वरनं टाकायचे. हात लागू नये म्हणून."

बुवापाड्यातल्या आमच्या घरात दिवाळी नव्हती. आपण बौद्ध, म्हणून दिवाळी करत नाही, एवढंच मला माहीत होतं.

बाबा म्हणाले, "हे पण घाल भाषणात."

मी घातलं. शाळेतल्या बाईंनी वाचून दोन्ही परिच्छेदांवर लाल रेघ मारली. "सणावर बोलायचंय ना? मग हे रडगाणं कशाला? नाच ठेव, मुखवटे ठेव, छान वाटतं. गुलामी काढ. आणि घरचं तर अजिबात नको, परीक्षकांना अवघडल्यासारखं होतं."

मला 'नाही' म्हणता आलं असतं. मी म्हटलं नाही. बदलापूरच्या एका शाळेच्या हॉलमध्ये मी जमैकाच्या हसऱ्या, नाचऱ्या लोकांवर सात मिनिटं बोलले. दुसरा नंबर आला.

घरी येताच बाबांनी विचारलं, "आईचं सांगितलंस?"

"सांगितलं."

"पाटलाच्या दारातलं?" आईला खरं वाटेना. "अन् लोक?"

"टाळ्या वाजवल्या."

आई तिथेच खाली बसली आणि रडू लागली. बाबा तिला म्हणाले, "बघ, दिवस बदलले."

पुढे कितीतरी वर्षं आई येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट सांगायची. ती सुरू झाली की मी चहा ठेवायच्या निमित्ताने आत निघून जायचे.